बर्फ की शिखरं, ते आधी ठरवा

प्रश्न : आम्ही सांगलीचे. घरात सासरे (वय ७२), सासूबाई (वय ६७, दोन्ही गुडघे दुखतात), मी, नवरा आणि सहावीतली मुलगी. सासऱ्यांना आयुष्यात एकदा हिमालय बघायचाय, मुलीला बर्फात खेळायचंय. नवऱ्याने एका टूरवाल्याकडून सिमला-कुलू-मनालीचा सहा रात्रींचा कार्यक्रम आणलाय, नाताळच्या सुट्टीतला. रोज तीन-चार ठिकाणं आहेत. तो बघून सासूबाई म्हणाल्या, ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.’ दिवाळीच्या सुट्टीत जाणंही शक्य आहे. पण गर्दीची सहल टाळून एका जागी राहिलो, तर डोंगरात दिवसभर करायचं काय? नुसतं बघत बसायचं? आणि थंडीच्या दिवसांत वयस्कर माणसांना तिकडे न्यावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते सासूबाईंचं वाक्य. त्यांना यायचं नाही असं मला वाटत नाही. रोज सकाळी सातला बॅगा भरायच्या, आठ तास गाडीत बसायचं आणि प्रत्येक ठिकाणी ‘तुम्ही इथेच थांबा, आम्ही वर जाऊन येतो’ हे ऐकायचं, असा तो कार्यक्रम आहे, आणि तो त्यांनी बरोबर वाचला. म्हणून त्यांना आग्रह करण्यापेक्षा सहलच अशी आखा, की खुर्चीत बसूनही त्यांना बाकीच्यांइतकंच दिसेल. अशी सहल जमते.

त्याआधी घरात एक गोष्ट ठरवा. बर्फ हवा की शिखरं? सासऱ्यांचा हिमालय आणि मुलीचा बर्फ या एकाच डोंगरातल्या दोन वेगवेगळ्या सहली आहेत, आणि त्यांचे महिनेही वेगळे आहेत. सप्टेंबर संपता संपता तिकडचा पाऊस परततो. पावसाने हवेतली धूळ धुऊन नेलेली असते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश असं स्वच्छ असतं की शंभर किलोमीटरवरची हिमशिखरं समोर उभी दिसतात. दुपारी ऊन उबदार, रात्री स्वेटर आणि जाड रजई पुरते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हे सहसा मिळत नाही, कारण तेव्हा धूळ असते आणि जंगलातल्या वणव्यांचा धूर असतो. बर्फाचं तंत्र वेगळं. पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांबरोबर तो पडतो, साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि तुमच्या आरक्षणाच्या तारखा बघून तो पडत नाही. कितीतरी घरं नाताळात जातात आणि कोरडे डोंगर बघून परत येतात. शिवाय त्याच दिवसांत दिल्लीकडे दाट धुकं असतं. गाड्या आणि विमानं तासन्‌तास उशिरा सुटतात, आणि सहलीतला एक दिवस फलाटावर जातो.

माझा सल्ला स्पष्ट आहे : भाऊबीज उरकली की निघा, आणि मनालीऐवजी उत्तराखंडातल्या कुमाऊंत जा. दोनच मुक्काम करा. चार रात्री कौसानी, दोन रात्री अल्मोडा. जाताना एक रात्र भीमतालला काढावी लागेल, ती प्रवासातली धरा.

कौसानी साधारण १,८९० मीटर उंचीवर आहे. लडाखसारखा श्वास लागण्याचा प्रश्न इथे सहसा येत नाही. गाव एका कड्यावर पसरलेलं आहे आणि उत्तरेला दरीपलीकडे हिमशिखरांची सलग रांग आहे : त्रिशूळ (७,१२० मीटर), नंदादेवी (७,८१६ मीटर), नंदाकोट आणि दूर उजवीकडे पंचचुली. कांचनजंगा नेपाळच्या सीमेवर येतं, त्यामुळे संपूर्णपणे भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर म्हणजे नंदादेवी. तिकडच्या लोकांची ती कुलदेवताच आहे. आणि हे सगळं बघायला कुठल्याही ‘पॉइंट’वर चढून जावं लागत नाही. उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली की झालं. सासूबाईंसाठी मी कौसानी निवडलं ते एवढ्यासाठीच.

आता तुमचा खरा प्रश्न, दिवसभर करायचं काय.

पहाट मुळीच चुकवू नका. पावणेसहाच्या सुमारास सगळे कानटोप्या, शाली घेऊन बाहेर या. पूर्वेला फटफटलेलं असतं, समोरची रांग राखाडी, जवळजवळ सपाट दिसते. मग सर्वांत उंच टोकांवर तांबूस उजेड येतो, तो हळूहळू खाली उतरतो. गुलाबी, केशरी, पिवळा असे रंग पंधरा-वीस मिनिटांत बदलतात, आणि मग डोंगर एकदम पांढरे होऊन नेहमीचे दिसायला लागतात. तोपर्यंत खालची दरी अंधारातच असते. मुलीला एक वही आणि पेन्सिल द्या. पहिल्या दिवशी तिने रांगेची बाह्यरेषा काढावी, तिथल्या माणसांना विचारून एकेका शिखराचं नाव लिहावं. दुसऱ्या दिवशी तीच आजोबांना नावं सांगेल. दहा-अकरानंतर शिखरांवर बऱ्याचदा ढग जमतात आणि संध्याकाळी पुन्हा विरळ होतात. म्हणून माझा एक हट्ट आहे : सकाळी दहापर्यंत कोणीही गाडीत बसायचं नाही. टूरवाल्यांच्या कार्यक्रमात नेमके हेच तास प्रवासात जातात, आणि मग लोक घरी येऊन सांगतात की हिमालय दिसलाच नाही.

दुपारी एखादीच जागा घ्या. एके दिवशी वीसेक किलोमीटरवरचं बैजनाथ करा. गोमती नदीच्या काठावर कत्यूरी राजांच्या काळातली दगडी मंदिरं आहेत. मंदिराला लागून असलेल्या पाण्यात महसीर मासे झुंडीने फिरतात, त्यांना कोणी पकडत नाही. फुटाणे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं. मुलगी तिथून लवकर निघणार नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. दुसऱ्या दिवशी चहाचे मळे बघा. त्याच संध्याकाळी अनासक्ती आश्रमात प्रार्थनेला बसा. १९२९ साली गांधीजी इथे राहिले होते, आणि आपल्या गीतेच्या भाषांतराची प्रस्तावना त्यांनी इथेच लिहिली. सासऱ्यांना ती जागा आवडेल. गाडी आश्रमाच्या बरीच जवळ जाते, थोडा चढ उरतो, तिथे सासूबाईंना हात द्या.

उरलेल्या दुपारी गावाच्या बाजूने पायी फिरा. तो सुगीचा हंगाम असतो. बायका डोंगरउतारावरचं गवत कापून मोठमोठे भारे पाठीवरून आणतात आणि हिवाळ्यातल्या वैरणीसाठी झाडांच्या खोडाभोवती, फांद्यांवर रचून ठेवतात. लांबून बघितलं तर झाडाने गवताचा अंगरखा घातल्यासारखं वाटतं. घरांच्या छपरांवर भोपळे आणि मक्याची कणसं वाळत असतात. आणि थंडीची सुरुवात होत असताना पद्म नावाचं एक झाड फुलतं, जंगली चेरीच्या जातीचं. बाकी झाडं पानं गाळायच्या बेतात, आणि हे गुलाबी फुलांनी भरलेलं, मधमाश्यांनी घोंघावणारं. फोटो काढा, पण बायकांचे, मुलांचे काढण्याआधी विचारा. तुमच्या मुलीने ‘नमस्ते’ म्हटलं की पुढची ओळख आपोआप होते.

जेवणाच्या बाबतीत हॉटेलवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की आम्हाला पनीर-नूडल्स नको, तुमच्या घरात होतं ते करा. तिकडे मंडुव्याची रोटी मिळते, म्हणजे आपली नाचणीच. गहतची डाळ म्हणजे हुलगे, सांगलीकरांना त्याचं वेगळं कौतुक सांगायला नको. काळ्या भट्टांची (ही सोयाबीनची एक जात) चुडकानी, म्हणजे आमटी, भाताबरोबर खातात. भांगेच्या बियांची चटणी ताटात आली तर सासूबाईंनी घाबरू नये, भाजलेल्या बियांनी नशा येत नाही. आणि एक पदार्थ मात्र मागून घ्या, ‘सना हुआ नींबू’. डोंगरातलं मोठं लिंबू सोलून त्याच्या फोडी मोकळ्या करतात. त्यात मुळ्याचे तुकडे, दही, भाजून वाटलेल्या भांगेच्या बिया, गूळ, मीठ, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून हाताने कालवतात. थंडीच्या दिवसांत दुपारी अंगणात उन्हाकडे पाठ करून बायका हे एकत्र बसून खातात, आणि गप्पा तासभर चालतात. तुमच्या यजमानीणबाईंना म्हणा, करताना आम्हालाही घ्या. सासूबाईंना स्वयंपाकाची आवड असेल तर ती दुपार त्यांच्या सर्वांत जास्त लक्षात राहील. पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसण्यापेक्षा चार बायकांत बसून लिंबू सोलणं त्यांना नक्की आवडेल. हिंदी मोडकं असलं तरी चालतं.

संध्याकाळ लवकर होते. साडेपाचच्या सुमारास अंधारायला लागतं, म्हणून बाहेरची कामं पाचच्या आत आवरा. या भागात बिबटे आहेत. अंधार पडल्यावर मुलीला एकटीला आवाराबाहेर पाठवू नका, आणि तुम्हीही पायवाटांवर फिरू नका. त्यापेक्षा जेवणानंतर आवारातले दिवे मालवून घ्या आणि वर बघा. भाऊबीजेनंतरचे चार-पाच दिवस चंद्रकोर लवकर मावळते, त्यामुळे आकाश काळंभोर मिळतं. आठच्या सुमारास पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका ठळक दिसतो, पाठोपाठ रोहिणी, आणि जागं राहता आलं तर साडेनऊ-दहानंतर मृग. पंचांगात वाचलेली ही नावं नातीला आकाशात दाखवायची, हे काम सासऱ्यांकडे द्या.

अल्मोड्याच्या दोन दिवसांतला एक पूर्ण दिवस जागेश्वरला ठेवा. अल्मोड्यापासून साधारण ३६ किलोमीटर. देवदारांच्या दाट जंगलात, ओढ्याच्या काठी शंभरावर दगडी मंदिरं एकत्र उभी आहेत, काही माणसाच्या कमरेएवढी, काही शिखर बघायला मान वर करायला लावणारी. सातव्या शतकापासून पुढे बऱ्याच शतकांत ती बांधली गेली. ‘नागेशं दारुकावने’ हे आपण औंढा नागनाथाबद्दल म्हणतो, गुजरातेत द्वारकेजवळचे लोक तिथल्या नागेश्वराबद्दल म्हणतात, आणि इथले लोक जागेश्वराबद्दल. वाद घालू नका, सासऱ्यांनी औंढ्याला दर्शन घेतलं असेल तर इथेही घ्यावं. मंदिरसमूह रस्त्यालगत आहे आणि आतली जागा बरीचशी सपाट, म्हणजे गुडघ्यांना त्रास नाही. मात्र ऊन उशिरा पोचतं, फरशी बर्फासारखी गार असते. चपला काढाव्या लागतात, तेव्हा सगळ्यांच्या पायात जाड लोकरी मोजे हवेत.

त्याच रस्त्यावर चितईला गोलू देवतेचं मंदिर लागतं. हा न्यायाचा देव. लोक त्याला अर्ज लिहितात, अगदी स्टँपपेपरवर : जमिनीचा खटला, नोकरी, सासर-माहेरचं भांडण, परीक्षा. ते कागद मंदिरात टांगलेले असतात आणि काम झालं की घंटा वाहतात. लहानमोठ्या हजारो घंटा. लोकांचे अर्ज मोठ्याने वाचून हसू नका, मुलीलाही आधी समजावून सांगा. त्या प्रत्येक कागदामागे कोणाची तरी झोप उडालेली असते.

अल्मोड्याचा जुना बाजार पायी फिरण्यासारखा आहे. बाल मिठाई तिथूनच घ्या. खवा तांबूस होईपर्यंत आटवून त्याच्या वड्या पाडतात आणि वर साखरेचे पांढरे दाणे लावतात. मालूच्या पानाच्या द्रोणात गुंडाळलेली सिंगोरी, तीही खव्याचीच मिठाई, घ्या, ती मात्र लगेच खावी लागते. तांब्याची भांडी घडवणारे टमटा कारागीर हे या गावाचं जुनं वैभव. घरी न्यायला एखादी हाताने ठोकलेली कळशी किंवा तांब्या बघा. दिल्लीत बनलेल्या ‘पहाडी’ शाली आणि चाव्यांच्या साखळ्यांवर पैसे घालवू नका.

प्रवासाचं थोडक्यात. पुण्याहून विमानाने किंवा सांगली-मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली. तिथे एक रात्र झोपा आणि सकाळच्या शताब्दीने काठगोदामला जा, दुपारच्या आत पोचता. रात्रीची गाडीही आहे, पण पहाटे पाचला थंडीत उतरून अर्धवट झोपेत घाटाला लागणं म्हाताऱ्या माणसांना आणि मुलीला त्रासाचं होतं. त्या दिवशी वीसेक किलोमीटरवरच्या भीमतालला मुक्काम करा. नैनिताल टाळा, दिवाळीच्या सुट्टीत तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. दुसऱ्या दिवशी कौसानी, साधारण चार-पाच तास. वळणं खूप आहेत. ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवा, निघताना कोरडं आणि थोडं खाऊ द्या, मोबाइलमध्ये डोकं घालू देऊ नका. उलटीची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या, आणि ती निघण्याच्या अर्धा तास आधी द्यायची असते, ओकारी सुरू झाल्यावर नव्हे.

वयस्कर माणसांना न्यावं का? न्या, पण निघण्याआधी दोघांना डॉक्टरांना दाखवा. गारठ्यात रक्तदाब वाढतो, गोळ्यांचा डोस बघून घ्यावा लागतो. कपड्यांचं म्हणाल तर एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट अशी थरांची सोय करा, कारण दुपारी उन्हात दोन थर काढावे लागतात. प्रत्येकाला गरम पाण्याची एक पिशवी, झोपण्याआधी रजईत पायाशी ठेवायला. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा : बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. थंडीत हॉटेलवाले आपुलकीने आणून देतात. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपेतल्या माणसाला काही कळत नाही, आणि दर हिवाळ्यात त्याने माणसं दगावतात. शेकायचं असेल तर अंगणात शेका, झोपताना ती बाहेर काढायला लावा.

काही कारणाने दिवाळीत जमलंच नाही आणि थंडीतच जावं लागलं, तर नाताळ सोडा आणि संक्रांतीला जा. तेव्हा बागेश्वरला शरयू-गोमतीच्या संगमावर उत्तरायणीची मोठी जत्रा भरते. कौसानीहून ते गाव साधारण चाळीस किलोमीटर. १९२१ साली याच जत्रेत लोकांनी वेठबिगारीच्या नोंदवह्या शरयूत बुडवल्या आणि सक्तीच्या हमालीला नकार दिला. घरोघरी कणीक-गुळाचे घुघुते तळतात, ढाल-तलवार-डमरूच्या आकारांचे, त्यांची माळ करून मुलं गळ्यात घालतात आणि सकाळी कावळ्यांना हाका मारतात, ‘काले कौवा काले, घुघुती माला खा ले.’ तुमच्या मुलीने तिळगूळ नेला तर तिला बदल्यात माळ मिळेल. पण त्या दिवसांत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, सावलीतल्या वळणांवर रस्त्यावर पाला, म्हणजे गोठलेलं दव, धरतं, आणि त्यावर चाक घसरतं. ऊन चढल्याशिवाय गाडी काढू देऊ नका, ड्रायव्हर कितीही म्हणो. सासूबाईंसाठी मी हा पर्याय दुसराच मानते.

राहिली मुलगी. तिला खोटं आश्वासन देऊ नका. ‘या वेळी बर्फ दिसेल, हाताला लागणार नाही’ हे निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा. सहावीतल्या मुलांना खरं सांगितलेलं चालतं, तिथे जाऊन फसल्यासारखं वाटलेलं चालत नाही. आणि तिच्या बर्फासाठी एखाद्या वर्षी जानेवारीच्या अखेरीला तुम्ही तिघंच मनालीला जा. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रस्ता उघडा असला की बोगद्यापलीकडच्या लाहौल खोऱ्यात दिवसात जाऊन येता येतं, आणि तिथे बर्फाची शक्यता खालच्यापेक्षा बरीच जास्त. ती सहल तुमच्या नवऱ्याला आखू द्या, त्यांची हौसही भागेल.

आरक्षण करताना फक्त फोटो बघून पैसे भरू नका, फोन करा. खोली उत्तरेकडची आहे का आणि खिडकीसमोर दुसरी इमारत उभी राहिली आहे का, हे विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आणि गिझर आहे का, खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत हे आकड्यात सांगायला लावा. ‘थोड्याशाच आहेत’ हे उत्तर घेऊ नका, डोंगरातल्या माणसांना चाळीस पायऱ्याही थोड्याशाच वाटतात. दुपारचं ऊन येईल अशी बसायला जागा आहे का, हेही विचारा. हा फोन शक्य असेल तर सासूबाईंसमोर स्पीकरवर लावा.